अकरा नंबरचा उतार

गिटारीच्या बाजूच्या पट्ट्या वाकवायच्या तर घाई करून भागत नाही, आणि आक्कांना घाई हा प्रकार ठाऊकच नव्हता. शिसवीची पातळ पट्टी पाण्यातून काढायची, तापलेल्या लोखंडी नळीवर आडवी टेकवायची आणि दोन्ही हातांनी हलका दाब देत वाट बघायची. लाकूड आधी कुरकुरतं, मग वाफ सोडतं, आणि मग अचानक ऐकायला लागतं. ते कधी ऐकणार हे डोळ्यांना दिसत नाही, तळहातांना कळतं. आधी जोर लावला तर पट्टी काडकन मोडते, उशीर केला तर करपते. कारखान्यात नवा आलेला प्रत्येक जण आक्कांना विचारायचा, "किती मिनिटं धरायची?" आणि आक्का म्हणायच्या, "ते लाकडाला विचार, मला कशाला विचारतोस?"

आक्कांचं वय त्रेसष्ट. त्यातली चव्वेचाळीस वर्षं या नळीपुढे गेली होती. दोन्ही मनगटांवर चटक्यांचे जुने डाग होते आणि केसांना कायम ओल्या लाकडाचा वास यायचा.

मंगळवारी सकाळी मोजणीदार आला तेव्हा आक्का पट्टी वाकवतच होत्या. मोजणीदार म्हणजे यंत्रावर धातूचे साचे कापून देणाऱ्या कंपनीचा माणूस. सडपातळ, बोलायला गोड, आणि हातात सतत काहीतरी मोजायचं हत्यार. मालकीणबाईंनी त्याला बोलावलं होतं. मालकीणबाई म्हणजे धाकटी. पन्नाशी उलटली, चष्मा आला, अख्खा कारखाना तिच्या शब्दावर चालायचा, तरी आक्कांच्या तोंडी ती धाकटीच होती, कारण आक्का कामाला लागल्या तेव्हा ती फ्रॉक घालून लाकडाच्या भुशात खेळायची.

"आक्का, हाच तो साचा," धाकटी म्हणाली. "दाखवा जरा यांना."

आक्कांनी हातातली पट्टी आधी साच्यात नीट बसवली, मग बाजूला झाल्या. साचा म्हणजे जाड फळ्यांचे दोन अर्धे भाग, मधोमध बोल्टांनी जोडलेले. आत गिटारीच्या अंगाची पोकळी: वर खांदे, मध्ये कंबर, खाली मोठं पोट. वाकवलेल्या पट्ट्या या पोकळीत दाबून बसवल्या की त्या साच्याचाच आकार घेतात. त्रेचाळीस वर्षं कारखान्याची प्रत्येक अकरा नंबर याच्यातून निघाली होती. आता त्याला कीड लागली होती. खालच्या बाजूला बोट दाबलं की पिठासारखा भुगा पडायचा.

मोजणीदाराने भुगा बघितला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. "वेळेवर बोलावलंत. आज आणि उद्या मापं घेतो. गुरुवारी धातूत कापायला घालतो. मग पुढची शंभर वर्षं बघायला नको."

शंभर वर्षं हे शब्द आक्कांना काही रुचले नाहीत. लाकूड चुकलं तर वाफ देऊन पुन्हा समजूत घालता येते. धातूची समजूत कोण घालणार?

अकरा नंबरबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर आक्कांना धास्ती कशाची, ते कुणाला कळायचं नाही.

धाकटीचे वडील, ज्यांना सगळे नुसतं मिस्त्री म्हणत, त्यांनी आयुष्यात अकरा प्रकारच्या गिटारी रेखाटल्या आणि त्यांना नावं न ठेवता नंबर दिले. पहिल्या दहा लहान अंगाच्या होत्या. गोड वाजायच्या, पण घरात. मग एक दिवस एक गायक आला आणि त्याने गिटार मिस्त्रींच्या टेबलावर आपटलीच. म्हणाला, "मिस्त्री, ही फक्त मला ऐकू येते. चौथ्या रांगेतल्या माणसाला ती नुसती दिसते!" मागे ट्रम्पेट आणि ढोल घेऊन गाणारा माणूस तो, त्याचंही बरोबरच होतं. मिस्त्रींनी दोन महिने डोकं खाजवलं आणि अकरा नंबर काढली. पोट मोठं आणि खोल, कंबर जेमतेम, खांदे रुंद. मान अशी जोडली की तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी, म्हणजे फ्रेटपैकी, चौदा अंगाच्या बाहेर मोकळे राहावेत. वरची फळी फिकट स्प्रूस लाकडाची, इतकी पातळ की उजेडासमोर धरली तर बोटांची सावली दिसावी. ती तारांच्या ओढीने फाटू नये म्हणून आतून फुलीच्या आकारात दोन पट्ट्या, आणि त्याही कडेला तासून हलक्या केलेल्या. ती पहिली गिटार घेऊन गायक गेला आणि महिन्याभरात त्याच्या ओळखीच्या आठ जणांची मागणी आली. पुढे तर मोजदाद राहिली नाही.

पण लोक अकरा नंबर ओळखायचे ते एका वेगळ्याच गोष्टीवरून. वादक गिटार मांडीवर घेतो तेव्हा ज्या कडेवर त्याचा उजवा हात टेकतो, ती कड किंचित आत उतरलेली आहे. समोरच्या कडेपेक्षा फार तर पाच मिलिमीटर. डोळ्यांना जाणवतही नाही, पण हात टेकला की लगेच कळतं. तासन्‌तास वाजवलं तरी दंडाला रग लागत नाही. याला सगळे 'उतार' म्हणत. कारखान्याच्या दर्शनी खोलीत मिस्त्रींच्या अकरा आराखड्यांच्या चौकटी लावल्या होत्या आणि खाली पाटी होती: 'वादकांच्या हातांचा बारकाईने अभ्यास करून मिस्त्रींनी अकरा नंबरला उतार दिला.' मिस्त्रींना जाऊन बारा वर्षं झाली होती. पाटी धाकटीने त्यांच्या पश्चात लावली होती, मोठ्या अभिमानाने. त्या पाटीवरून रोज जाताना आक्का मान खाली घालून जायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, काय ही नम्र बाई.

त्याच मंगळवारी दुपारी खोक्यातून एक गिटार आली. गायकाच्या मुलीने दुरुस्तीला पाठवलेली, अकरा नंबरची अगदी पहिली. कुणीतरी तिच्यावर बसलं होतं बहुतेक, मागची फळी उघडली होती. धाकटीला कोण आनंद झाला!

"याच्यापेक्षा खरं माप कुठे मिळणार?" ती मोजणीदाराला म्हणाली. "बाबांच्या हातची पहिली. घ्या हिचंच."

मोजणीदाराने मध्यरेषा धरली, दोन्हीकडे मापं घेतली, पुन्हा घेतली आणि हत्यार पुसून तिसऱ्यांदा घेतली. "ताई, हिला उतार नाही. दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत."

आक्का नळीपुढे उभ्या होत्या. त्यांचे हात थांबले, आणि चव्वेचाळीस वर्षांत क्वचित झालं असेल ते झालं: पट्टी करपली.

धाकटीने मात्र टाळीच वाजवली. "म्हणजे बघा! बाबांनी आधी सरळ बनवली, मग वादकांना वाजवताना पाहिलं आणि सुधारणा केली. आता हे सगळं नीट लिहून काढते. नव्या साच्याबरोबर छोटं पुस्तकच छापू." आणि ती आक्कांकडे वळली. "आक्का, तुम्ही होतात की तेव्हा. बाबांनी तो अभ्यास कसा केला? कुणाकुणाला बोलावलं? सांगा ना, मी लिहून घेते."

"फार वर्षं झाली गं," आक्का म्हणाल्या. "उद्या सांगते, आठवून."

आठवायचं काय होतं त्यात! विसरता आलं असतं तर त्यांनी चार घरी पेढे वाटले असते.

तेव्हा त्या आक्का नव्हत्या. वीस वर्षांची पोर होती, वर्षभरापूर्वी कामाला लागलेली, आणि मिस्त्री तिला 'अगं' एवढंच म्हणायचे. मिस्त्री मुळातच कमी बोलायचे. तुमचं काम चांगलं झालं तर ते पुढचं काम द्यायचे, वाईट झालं तर तेच काम पुन्हा द्यायचे. यावरून काय ते समजायचं. पहिली अकरा नंबर गायकाला देऊन झाली आणि मिस्त्री लाकूड बघायला आठ दिवस परगावी गेले. पोरीला वाटलं, ते येईपर्यंत काहीतरी करून दाखवावं. नवा साचा सरसाच्या ओघळांनी बरबटला होता. सरस गरम पाण्याने सुटतो एवढं तिला माहीत होतं. तिने एक अर्धा भाग खोलला, त्यावर उकळतं पाणी ओतलं, घासघासून लख्ख केला आणि लवकर वाळावा म्हणून शेगडीला टेकवून ठेवला. ज्या बाईला पुढे लाकूड आणि वाफ यांच्यातलं सगळं कळणार होतं, तिने सुरुवात ही अशी केली. सकाळी बघते तर लाकूड आत ओढलं गेलेलं.

तिची पाचावर धारण बसली. तिने तो भाग पुन्हा ओला केला, क्लॅम्प लावले, वजनं ठेवली, आणि चार दिवसांत तो बराचसा सरळ आलाही. पण पूर्ण नाही. करंगळीच्या नखाएवढा फरक राहिला तो राहिलाच. मिस्त्री सतरा तारखेला आले. ती तारीख आक्कांना स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्की आठवायची, कारण त्या दिवशी आपल्याला हाकलणारच म्हणून त्या पिशवी भरून, चप्पल घालूनच उभ्या होत्या. मिस्त्रींनी साच्यावरून हात फिरवला. "धुतलास?"

"हो."

"सरस सगळा निघालाय. छान." एवढंच. मग त्यांनी दर्शनी खोलीतल्या टेबलावर कसलासा मोठा कागद पसरला आणि हाक मारली, "अगं, कोपरे धर जरा. हलू देऊ नकोस." तिने कोपरे धरले. कागदाकडे बघायची तिची हिंमतच नव्हती. तिने सगळा वेळ आपल्या चपलांकडे बघितलं. पेन्सिल खरखरत होती. तिला वाटलं, बारा नंबरचं काम सुरू झालं असेल. पण बारा नंबर कधी निघालीच नाही. महिनाअखेरीला त्या आठ गिटारींचं काम त्याच साच्यात सुरू झालं. वादकांनी हात टेकवले आणि वाहवा केली. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता उतार नावारूपाला आला, मिस्त्री गेले, आणि पाटी लागली.

बुधवारी सकाळी आक्कांनी नळी तापायला ठेवलीच नाही. त्या थेट दर्शनी खोलीत गेल्या. धाकटी वही उघडून बसली होती, मोजणीदार चहा पीत होता. त्याच्यासमोर बोलणं आक्कांच्या जिवावर आलं, पण उद्या गुरुवार होता.

"धाकटे, लिहून घे," आक्का म्हणाल्या. "तो उतार तुझ्या बाबांनी दिला नाही. मी दिला."

धाकटीचे डोळे चमकले. "तुमची कल्पना होती? आणि इतकी वर्षं बोलला नाहीत? आक्का, कमाल आहे तुमची!"

"कल्पना कसली डोंबलाची! घोडचूक होती ती." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. उकळतं पाणी, शेगडी, वजनं, पिशवी, काही ठेवलं नाही. मध्येच पदराने नाक पुसलं आणि पुढे सांगितलं. मोजणीदाराचा चहा हातातल्या हातात थंड झाला.

धाकटीने पाटीकडे बघितलं. "बाबांना माहीत होतं?"

"नाही गं. कळलं असतं तर बोलले नसते का?"

"बाबा?" धाकटी म्हणाली. "बाबा कधी बोलायचे?" पण ते तिने सवयीने म्हटलं; मन पाटीतच अडकलं होतं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर आक्कांना बरं वाटलं असतं. तिचा चेहरा पडला होता, कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला बारा वर्षं आपण काय काय सांगत आलो हे आठवून.

"मग साचा सरळ कापायचा," ती शेवटी म्हणाली. "पहिल्या गिटारीसारखा. बाबांनी काढला तसा."

हे होणार हे आक्कांना रात्रीच कळून चुकलं होतं. चूक आपली, पण तिला आकार आपल्याच हातांनी दिला होता, हजारदा. कितीतरी म्हातारे वादक नव्या गिटारीवर हात टेकवून डोळे मिटायचे, ते आक्कांनी दारातून पाहिलं होतं. "वाईट नव्हता गं उतार," त्या हळूच म्हणाल्या.

"वाईट नाहीच, आक्का. पण बाबांचा नाही."



मोजणीदाराने चहाचा कप बाजूला ठेवला. "मग ताई, पहिल्या गिटारीचं अंग जरा सैल झालंय, त्याचा भरवसा नको. मला मूळ आराखडाच द्या. कागदावरून घेतो."

धाकटीने स्टुलावर चढून शेवटची चौकट काढली. टेबलावर आडवी ठेवून काच पुसली. मोजणीदार बाकीच्या चौकटींकडे बघून म्हणाला, "एक विचारू? त्या दहाच्या दहा अर्ध्याच का काढल्यात? गिटारीचा एकच भाग आहे त्यांत."

"अर्धाच काढतात," आक्का म्हणाल्या. "दोन्ही बाजू सारख्या असतात ना. अर्धा काढायचा, कापायचा, उलटा करून दुसरी बाजू आखायची. पूर्ण काढला तर हाताचा फरक पडतो."

"मग ही का पूर्ण?"

"ही सगळ्यात गाजलेली," धाकटी म्हणाली. "म्हणून बाबांनी हौसेने पूर्ण काढली असेल." लहानपणापासून ती हेच समजत आली होती, आणि आक्काही. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मिस्त्री आणि हौस!

मोजणीदाराने काचेवरच मापपट्टी ठेवली. मध्यरेषेपासून डावीकडे. मध्यरेषेपासून उजवीकडे. मग पुन्हा. "ताई," तो म्हणाला, "याच्यात उतार आहे. बरोबर पाच मिलिमीटर."

"कसा असेल?" धाकटीने त्याच्या हातून पट्टी घेतली आणि स्वतः मोजलं. मग पक्कड आणली आणि चौकटीमागचे खिळे उपटायला लागली. आक्कांनी चौकट दाबून धरली.

मागचा पुठ्ठा निघाला तेव्हा आतून दोन कागद निघाले. मागे लपलेला कागद अर्धाच होता. त्यावर मिस्त्रींच्या अक्षरात 'अकरा', सही, आणि पहिल्या गिटारीच्या आधीची तारीख. पुढचा पूर्ण होता, रोज सगळ्यांना दिसणारा. त्याच्या खालच्या कडेला, चौकटीच्या लाकडाखाली इतकी वर्षं झाकलेली, पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ होती. धाकटीने ती वाचली, पुन्हा वाचली आणि कागद आक्कांपुढे सरकवला.

आक्कांनी चष्मा लावला. 'साच्याप्रमाणे आराखडा दुरुस्त केला.' खाली सही. तारीख सतरा.

"सतरा म्हणजे ते आले तो दिवस," धाकटी सावकाश म्हणाली. "आणि त्या आठ गिटारी?"

"महिनाअखेरीला धरल्या," आक्का म्हणाल्या.

म्हणजे सतरा तारखेला जगात उताराची एकही गिटार नव्हती. कुणी हात टेकवला नव्हता, कुणी वाहवा केली नव्हती. तो उतार चांगला ठरणार हे मिस्त्रींना ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. त्यांच्यापुढे फक्त एक बिघडलेला साचा होता आणि दारात पायात चपला घातलेली, पिशवी भरून उभी असलेली एक पोर होती. साचा नवा करायचा तर का, ते कुणीतरी विचारलं असतं. म्हणून त्यांनी आपला आराखडा बदलला, दोन महिने डोकं खाजवून काढलेला. कागदाप्रमाणे साचा नसेल तर ती चूक. साच्याप्रमाणे कागद असला की चूक उरतच नाही. आणि तो बदलताना कोपरे धरायला त्यांनी तिलाच बोलावलं होतं. दाखवायलाच बोलावलं होतं. वर बघितलं असतं तर तिला दिसलं असतं.

"एका शब्दाने सांगायचं होतंत, मिस्त्री," आक्का म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरलं नाही. त्यात हसूही होतं आणि बराचसा रागही. त्रेचाळीस वर्षांपूर्वीच त्या माणसाने त्यांना माफ केलं होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

धाकटीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तीही डोळे पुसत होती, पण तिचा चेहरा आता पडलेला नव्हता. मग तिने भिंतीवरची पाटी उतरवली. "नवी लिहावी लागेल. काय लिहू?"

"काही लिहू नकोस. हे दोन कागद शेजारी शेजारी लाव," आक्का म्हणाल्या. "ती ओळ दिसेल अशी चौकट कर म्हणजे झालं."

"आणि साचा?" मोजणीदाराने विचारलं. "कुठल्या कागदावरून कापू?"

धाकटीने आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी पूर्ण कागदावर बोट ठेवलं.

मोजणीदाराने आपलं हत्यार काढलं; त्याचं बारीक टोक रेषेवरून फिरवलं की यंत्रात आकार उतरायचा. पण काच निघाल्यावर जुना कागद कोपऱ्यांतून वर उचलायला लागला.

"आक्का, जरा धरता का? हलू देऊ नका."

आक्कांनी दोन्ही हातांनी कोपरे धरले. टोक खांद्यापासून निघालं, कंबरेत शिरलं, पोटाच्या कडेने उताराशी आलं. या खेपेला आक्का शेवटपर्यंत कागदाकडे बघत राहिल्या.